चाल त्यांची, शब्द आपले

सोलापूरकरांचा आवडता गायक कोण, या प्रश्नाला एक उत्तर मिळणार नाही. पूर्व भागात, पद्मशाली वस्तीत विचारलंत तर तेलुगू सिनेमातलं नाव येईल. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड नाव येईल. विजापूर वेशीत एखाद्या कव्वालाचं येईल. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत विचारलंत तर शिंदे घराण्यातलं कुणीतरी: प्रल्हाद, आनंद, मिलिंद की आदर्श, हे सांगणाऱ्याच्या वयावर ठरेल. गाणी ऐकवणारं कुठलंही ॲप पहिल्यांदा उघडलं की ते भाषा निवडायला सांगतं. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू असे चौकोन असतात आणि आपण त्यावर बोट ठेवायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे चौकोन का असतात ते मला ठाऊक आहे. गाण्याच्या नोंदीत भाषेचा एक रकाना असतो आणि रकान्यात एकच किंमत बसते. चाल आणि शब्द एकाच घरात राहतात, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

सोलापुरात ते तसे राहत नाहीत. इथल्या कानाला सगळ्यात जवळचा जो प्रकार आहे, तो या कुठल्याच चौकोनात बसत नाही, आणि मराठी संगीतसमीक्षेतही त्याला जागा नाही. तो प्रकार म्हणजे चालीवरचं गाणं. कुणाच्या तरी गाजलेल्या चालीवर आपले शब्द बसवायचे आणि आपल्या माणसांपुढे ते म्हणायचं. भजन असतं, भीमगीत असतं, गणपतीचं असतं, लग्नातलं असतं, निवडणुकीचंही असतं. या प्रकाराला आपल्याकडे सर्रास ‘उचलेगिरी’ म्हटलं जातं. मला वाटतं, लोकप्रिय गायक लोकप्रिय कसा होतो हे समजून घ्यायचं असेल तर याच उचलेगिरीकडे नीट बघायला हवं.

‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो. सिनेमा आमच्याच जिल्ह्यातला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातला, नायिका अकलूजची. ‘झिंगाट’ त्या उन्हाळ्यात वरातीत वाजलं, पावसाळ्यात गणपतीत वाजलं, आणि पुढच्या वर्षभरात मी त्याच चालीवर देवाची, बाबासाहेबांची आणि नगरसेवकपदाच्या उमेदवारांची गाणी ऐकली. २०१७ मध्ये ‘सैराट’चा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला, २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’ आला. म्हणजे एका चालीचे अधिकृत भाषांतर दोन आणि अनधिकृत किती, ते कुणी मोजलेलं नाही. अधिकृत दोन्हींत प्रसंग तोच राहिला, नाचणारी पोरं तीच राहिली. अनधिकृतांत मात्र गाणाराही बदलला आणि ज्याच्यासाठी गायचं तोही बदलला. भाषांतराच्या दृष्टीने जास्त धाडस कुणी केलं, हे उघड आहे.

हे काही कॅसेटनंतर सुरू झालेलं नाही. १८१२ मध्ये वारलेला शाहीर राम जोशी सोलापूरचा. घराणं वेदशास्त्राचं, ओढा तमाशाचा. त्याच्या लावणीत संस्कृत आणि मराठी तर आहेच, पण एकाच रचनेत कन्नड आणि हिंदुस्थानीही नांदते. विद्वत्तेचं प्रदर्शन म्हणून ते आपल्याला शिकवलं जातं. सोलापूरच्या बाजारात अर्धा तास उभं राहिलं तर ते निव्वळ ऐकलेल्याची नोंद वाटतं. भाव एका भाषेत ठरतो, सुट्टे पैसे दुसऱ्या भाषेत परत येतात. बार्शीचे अमर शेख गिरणी कामगारांपुढे गायचे तेव्हाही समोरचा कान असाच तीन-चार भाषांचा असणार.

मग तक्रार कशाला? तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं असं की चाल ही संगीतकाराची निर्मिती आहे, ती उचलून तिच्यावर शब्द चिकटवणं ही कला नव्हे. हे म्हणताना ज्या परंपरेचा दाखला दिला जातो ती बहुधा नाट्यसंगीताची आणि भावगीताची असते. नाट्यसंगीताचाच दाखला घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं, त्यातल्या पदांच्या चाली कीर्तनातल्या, लावणीतल्या आणि कर्नाटकी वळणाच्या होत्या. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. त्यात लपवाछपवी नव्हती, कारण लाजही नव्हती. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांकडून घेतलं, १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींकडून. बालगंधर्व महाराष्ट्राचे लाडके झाले ते अशाच चालींवर. कोठीवरची ठुमरी भामिनीच्या तोंडी गेली तेव्हा तिला संस्कार म्हटलं. सिनेमाचं गाणं भीमजयंतीच्या गाडीवर चढलं की त्याला उचलेगिरी म्हणतात. दोन्हींत केलेलं काम एकच आहे. फरक घेणाऱ्याच्या जातीत आणि ऐकणाऱ्याच्या खुर्चीत आहे.

आता हे काम कसं चालतं ते बघू, कारण ते सोपं नाही. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका होते. मिल बंद पडली तशी त्यांची नोकरी गेली, पेटी राहिली. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर हिंदी गाण्याचे पहिले दोन शब्द, उजव्या पानावर त्यांचं भजन. ‘मीटर बसलं पाहिजे’ हा त्यांचा परवलीचा शब्द. हिंदी ओळ बऱ्याचदा ‘है’वर संपते, एकाच दीर्घ अक्षरावर. मराठीत तिथे ‘आहे’ आलं की एक अक्षर जास्त होतं आणि ओळ ठेचकाळते. त्यावर काकांचे तोडगे ठरलेले. एक, क्रियापदच गाळायचं. मराठी वाक्य त्यावाचून उभं राहतं. दोन, ‘रं’, ‘गं’, ‘जी’ यांपैकी एक टेकू लावायचा. तीन, शब्दाच्या शेवटचा ‘अ’, जो बोलताना आपण खातो, तो गाताना पुरता उच्चारायचा. तेलुगू चालीला हा तिसरा तोडगा फार लागू पडतो, कारण तेलुगू शब्द स्वरावर संपतात आणि चालीलाही तशीच सवय लागलेली असते.

पण मीटर बसणं म्हणजे निम्मंच काम. उरलेलं निम्मं अर्थाचं. काकांचं एक भजन एका विरहगीताच्या चालीवर होतं. मूळ गाण्यात प्रेयसी येत नाही म्हणून तक्रार आहे. भजनात वाट पाहणारा विठ्ठल आहे, आणि न येणारे आपण, कारण आपली पाळी सुटत नाही. मूळ गाण्यात जो सूर लांबवून तिला हाक मारली होती, त्या सुरावर काकांनी मिलच्या भोंग्याचा उल्लेख ठेवला होता. ऐकणाऱ्या प्रत्येकाला मूळ गाणं पाठ होतं. त्यामुळे कानात हाक आणि तोंडात भोंगा असे दोन्ही एकदम वाजत. चालीवरच्या गाण्याची ताकद ही आहे. नवी चाल लावून ते साधलं नसतं, कारण नव्या चालीला आठवण नसते.

यातून चांगलं-वाईट ठरवायची एक साधी कसोटी हाती लागते. गाण्यातलं नाव बदलून बघावं. निवडणुकीत रिक्षावर वाजणाऱ्या गाण्यात एका उमेदवाराच्या जागी दुसरा घातला तर गाणं कुरकुरतसुद्धा नाही. अक्षरं जुळली की झालं. ते वाईट गाणं. वामनदादा कर्डक यांच्या गाण्यात बाबासाहेबांच्या जागी दुसरं नाव घालून पाहा, सगळी रचना अंगावर येईल. तिथे प्रत्येक ओळ त्या एका माणसाने केलेल्या एकेका कामाला बांधलेली असते. भीमगीतं ढिगाने लिहिली जातात आणि त्यातली बरीच पहिल्या जातीची असतात, हेही म्हटलं पाहिजे. प्रकाराची बाजू घेणं म्हणजे त्यातल्या प्रत्येक गाण्याची बाजू घेणं नव्हे.

प्रल्हाद शिंदे या सगळ्यात कुठे बसतात? मंगळवेढ्याच्या या गायकाची सर्वांत प्रसिद्ध विठ्ठलगीतं उसन्या चालीवरची नाहीत. दत्ता पाटलांचे शब्द आणि मधुकर पाठकांची चाल असं त्यातल्या गाजलेल्या गाण्याचं श्रेय नीट नोंदलेलं आहे. पण त्यांचा आवाज मात्र या कानानेच घडवलेला होता. कव्वालीची फेक, भजनाची ओढ आणि उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय, हे तिन्ही त्यात एकदम ऐकू येतं. भावगीताचा गायक माईकच्या कानात बोलतो. प्रल्हाद शिंदे माईक नसल्यासारखे गातात. म्हणून तोच आवाज आषाढी वारीत चालतो, भीमजयंतीत चालतो आणि उरुसातही परका वाटत नाही. २००४ मध्ये ते गेले, तरी पंढरपूरच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीला त्याची खबर नाही. समीक्षेने त्यांना ‘लोकगायक’ म्हणून एका ओळीत आटोपलं. त्या आवाजाचं शास्त्र कुणी मांडलं नाही.

आता थोडं लांब जाऊ. गेल्या काही वर्षांत आमच्या मिरवणुकांत नायजेरियाच्या रेमाचं ‘काम डाउन’ वाजायला लागलं, तिथून मी आफ्रिकेतलं लोकप्रिय संगीत ऐकत गेलो. त्याबद्दल वाचताना पहिल्यांदा भेटते ती देशवार यादी. नायजेरियाचा फेला कुटी, काँगोचा फ्रँको, सेनेगलचा युसू न्दूर, इजिप्तची उम्म कुलसुम. प्रत्येक देशाला एक झेंडा, एक गायक. थोडं पुढे गेलं की यादी उसवायला लागते. फेला लागोसचा, योरुबा आणि मोडक्या इंग्रजीत गाणारा. त्याच नायजेरियाच्या उत्तरेत, हौसा भाषकांमध्ये, पिढ्यान्पिढ्या डोक्यावर घेतला गेला तो मम्मन शाता. दोघांचा देश एक, कान वेगळे. उलट फ्रँको लिंगाला भाषेत गायचा आणि त्याचा ओके जाझ हा वाद्यवृंद केनिया-टांझानियात, जिथे लिंगाला फारशी कुणाला कळत नव्हती, तिथेही लाडका होता. सोलापूरला ज्या अडचणीमुळे एक उत्तर देता येत नाही, तीच अडचण इथे खंडाएवढी होते.

त्याच उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात तर मला आमची गल्लीच सापडली. १९५० च्या दशकापासून तिथल्या थिएटरांत हिंदी सिनेमे चालत आले. हौसा प्रेक्षकांना हिंदी येत नव्हतं, गाणी पाठ होत होती. पुढे कादिरी सूफी परंपरेतल्या गायकांनी त्या चाली उचलल्या आणि त्यांवर हौसात पैगंबराची स्तुती बसवली. साथीला बंदिरी हे डफासारखं वाद्य. ब्रायन लार्किन या मानववंशशास्त्रज्ञाने या बंदिरी संगीताचा अभ्यास केला आहे. त्याच्या लेखनातून कळतं की ऐकणाऱ्यांना मूळ सिनेमा ठाऊक असतो आणि तो ठाऊक असणं हा त्या भक्तीचाच भाग असतो. नायकाची तगमग भक्ताकडे आयती येते. काकांची वही कानोत कुणी उघडली असती तर तिथल्या गायकाला डावं पान सहज वाचता आलं असतं.

पूर्व किनाऱ्यावर मोंबासात जुमा भालो हा तारब गायक हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली कविता गायचा. तीही रस्त्यावरची जुळवाजुळव नव्हती. त्याच्या नात्यातला अहमद नासिर हा स्वाहिलीतला मान्यवर कवी त्याच्यासाठी लिहायचा, आणि शब्दांसाठी गाणं ऐकणारे लोक चालीकडे सतरंजीसारखं बघायचे. बसायला लागते, पण बैठक तिच्यामुळे होत नाही. आणि फ्रँकोचं काँगोलीज संगीत? १९३३ पासून तिथे क्यूबन गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका पोचल्या, तिथल्या पोरांनी त्या चाली गिटारवर उतरवल्या, आधी कळत नसलेले स्पॅनिश शब्दही तसेच म्हटले, मग लिंगाला शब्द घातले. त्या क्यूबन चालींचा ताल काँगोतूनच गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर गेलेला होता. २०२१ मध्ये युनेस्कोने काँगोलीज रुंबाला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. उचलेगिरीपासून वारशापर्यंतचं अंतर कापायला त्यांना सुमारे नव्वद वर्षं लागली.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. अशीच चाल उचलून आफ्रिकेतल्या एका माणसाला लुटलंही गेलं. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये ‘म्बुबे’ हे गाणं मुद्रित केलं, आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांना गेले. पुढे अमेरिकेत त्याच्यापासून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं, ‘लायन किंग’ सिनेमात ते जगभर गेलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला. रियान मालान या पत्रकाराने २००० मध्ये हे प्रकरण उघड केलं, आणि २००६ मध्ये कुठे त्याच्या मुलींशी तडजोड झाली. मग कानोचा गायक, गल्लीतले काका आणि हा व्यवहार यांत फरक काय?

फरक उताराच्या दिशेचा आहे. काका ज्याच्याकडून घेत होते त्याचं नाव गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मूळ गाणं ओळखू आलं नाही तर भजनच फसणार होतं. लिंडाच्या बाबतीत मूळ पुसलं गेलं तरच पैसा सुटणार होता. पहिल्यात ऋण हा रचनेचा भाग आहे, दुसऱ्यात ऋण लपवणं हा धंद्याचा भाग आहे. मधल्या पायरीवर कॅसेटवाले आहेत, तेही विसरून चालणार नाही. पीटर मॅन्युएलने १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बाजार तपशिलाने मांडला आहे. जुन्या चाली, नवे शब्द, स्वस्त कॅसेट, प्रचंड खप. आपल्याकडेही भक्तिगीतांच्या आणि भीमगीतांच्या कॅसेटी जत्रेत टोपल्यांनी विकल्या गेल्या. त्यात मूळ संगीतकाराला काही मिळालं नसेल, पण शब्द लिहिणाऱ्यालाही बहुधा एकरकमी काहीतरी देऊन वाटेला लावलं जात असे. त्याच्यासाठी कुणी कोर्टात गेलं नाही.

आज जत्रेची जागा फोनने घेतली आहे आणि उचलेगिरी कुणाची हे ठरवायचं काम यंत्राकडे गेलं आहे. यंत्र ते कसं ठरवतं हे मला कामामुळे थोडं कळतं. एकच ध्वनिमुद्रण दोनदा आलं तर ओळखणं सोपं. आवाजातल्या ठळक बिंदूंचा नकाशा जुळवायचा. पण चाल तीच, गाणारा दुसरा, शब्द दुसरे, असं असेल तर दुसरी पद्धत लागते. त्यात प्रत्येक क्षणी बारा स्वरांपैकी कुठले किती वाजताहेत एवढंच ठेवतात. आवाजाचा पोत, उच्चार, शब्द, हे सगळं मुद्दाम टाकून देतात, कारण ते जुळवणीच्या आड येतं. म्हणजे चालीवरचं गाणं पकडण्याच्या गणितात शब्द हाच गोंगाट. गणित म्हणून त्यात गैर काही नाही. पण त्याच्या निकालावर गाणं राहणार की जाणार आणि पैसा कुणाकडे वळणार हे ठरायला लागलं, की ज्या एका गोष्टीसाठी गाणं केलं तीच हिशोबातून बाहेर पडते.

कायदाही फार मदतीला येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची वाट आहे. पाच वर्षं थांबायचं, आगाऊ सूचना द्यायची, रॉयल्टी भरायची. पण शब्दांत किंवा चालीत बदल करायची मुभा त्यात जवळपास नाही. जसंच्या तसं गायलात तर वाट मोकळी, स्वतःचं काही घातलंत तर बंद. नक्कल चालेल, निर्मिती चालणार नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

माझी मागणी मोठी नाही. समीक्षेने संगीत नाटकांच्या छापखान्याकडून एक गोष्ट परत घ्यावी. गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाणं लिहावं, आणि खाली शब्द ज्याचे त्याचं नाव. दोन ओळींची नोंद आहे. ती झाली तर मंगळवेढ्यापासून मोंबासापर्यंत कुणी कुणाकडून काय घेतलं आणि त्याचं काय केलं, हे वाचता येईल. मग चांगलं-वाईट ठरवायला बसता येईल.

शब्द लिहिणाऱ्यांनी मात्र अशा नोंदीची वाट पाहिलेली नाही. अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो. काकांच्या वहीतल्या प्रत्येक भजनाच्या शेवटच्या ओळीतही त्यांचं नाव आहे, आणि तेही मीटरमध्ये बसवलेलं. फाईलला चिकटवलेली माहिती दोन-चार फोनांवरून फिरली की गळून पडते. हे नाव गळत नाही. ते काढायचं तर गाणं मोडावं लागतं. ते ऐकू यायला एकच अट आहे. शब्द ऐकावे लागतात.